आमच्या झिलाचा आत्ताचा फोटो लावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही लहानपणी टीव्हीवर गाजलेल्या गायकांवर एक पान छापलंत, ती मुलं आता कुठे आहेत अशा धर्तीचं. त्यात आमच्या झिलाला, म्हणजे मुलाला, अडीच ओळी मिळाल्या आणि त्या अडीच ओळींत आवाज फुटला आणि गाणं संपलं एवढंच होतं, सोबत फोटो तो नऊ वर्षांचा असतानाचा, डोक्याला फेटा, हातात न पेलणारा माइक. त्याचं गाणं संपलेलं नाही. तो आता २३ वर्षांचा आहे, स्वतः गाणी लिहितो, स्वतः चाल लावतो, पॉप गातो, मालवणीत आणि मराठीत, महिन्याला दोनतीन शो होतात आणि त्यातून डोंबिवलीतल्या खोलीचं भाडं निघतं. पान वाचून घरात त्याच्या आईने पेपर घडी करून कपाटात ठेवला, कोणाला दाखवला नाही. मला वाईट वाटलं, पण हे फक्त आमच्या घरापुरतं असतं तर लिहिलं नसतं, कोकणात अशी गाणारी मुलं गावागावात आहेत म्हणून लिहितोय.

मी देवगड तालुक्यातला, टेलरिंगचं दुकान आहे आणि तीस वर्षं भजनात पेटी वाजवतो. मुलांच्या आवाजाबद्दल जे सांगणार आहे ते पेटीवर बसून बघितलेलं आहे. माझं नाव छापू नका, मुलाला परत त्याच चर्चेत ओढायचं नाही.

आपल्याकडे मूल गायला लागतं ते क्लासमधून कमी आणि गणपतीत जास्त. चतुर्थीला रात्री भजन घराघरात फिरतं, एका घरात काळ्या वाटाण्याची उसळ, दुसऱ्या घरात चहा-लाडू, पोरं पेंगायला लागलेली असतात तरी हातातली झांज सोडत नाहीत. आमचा झिल असाच मागे कोरसमध्ये बसायचा. सातव्या वर्षी बुवांनी त्याला पुढे ओढून एक गवळण म्हणायला लावली, मी काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी सा म्हणून, धरली होती आणि हा पोरगा वरच्या पंचमाला असा जाऊन उभा राहिला की पखवाजवाल्याचा हात थांबला. ते साल २००९. त्याच वर्षी फेब्रुवारीत झी मराठीवर सारेगमप लिटिल चॅम्प्सची फायनल होऊन गेलेली, पाचातली दोन मुलं आपल्या कोकणातली, आरवलीचा प्रथमेश लघाटे आणि अलिबागची मुग्धा वैशंपायन, जिंकली कार्तिकी गायकवाड पण आमच्या वाडीत सगळ्यांना आपलंच कोणीतरी जिंकल्यासारखं झालेलं. त्यानंतर ज्याच्या घरात गाणारं मूल होतं त्या प्रत्येक बापाच्या डोक्यात एकच गोष्ट शिरली. माझ्याही शिरली.

नवव्या वर्षी मी त्याला मुंबईला ऑडिशनला नेला. रेल्वेने निघालो, नांदगाव रोड स्टेशनवर त्याच्या आईने दही-साखर हातावर ठेवली. चॅनलचं नाव घेत नाही, पण पोरगा निवडला गेला, सातआठ भाग दिसला आणि मग बाहेर पडला. शूटिंग रात्री एक-एक वाजेपर्यंत चालायचं, मुलं खुर्च्या जोडून झोपायची, नंबर आला की उठवून तोंडावर पाणी मारून पावडर लावायची आणि लाइटखाली उभं करायचं. तिथे बसलेले आम्ही सगळे आईबाप, एकानेही विचारलं नाही की हे काय चाललंय, कारण प्रत्येकाला भीती की विचारलं तर आपल्याच मुलाचं नाव कापतील. मी पण गप्प बसलो.

परत आल्यावर पुढची चार वर्षं तो घरचा कमी आणि मंडळांचा जास्त झाला. सत्यनारायणाची पूजा असो, जत्रा असो, शाळेचं गॅदरिंग, कोणाच्या एकसष्टीचा कार्यक्रम, सगळीकडे फ्लेक्सवर तोच फोटो, खाली 'चिमुकला बालगायक'. कणकवली, कुडाळ, राजापूर, लांजा, कुठे कुठे गेलो. रात्री साडेअकराला त्याचा नंबर लावायचे म्हणजे माणसं शेवटपर्यंत बसतात, आणि सकाळी सातच्या एसटीने शाळा. गाणी किती म्हणाल तर तीच चार. पाचवं गाणं म्हणू द्यायचे नाहीत, लोकांना टीव्हीवरचंच पाहिजे असतं म्हणायचे.

आठवीत होता तेव्हा मोडलं ते. एका जत्रेतला कार्यक्रम, गावाचं नाव सांगत नाही, समोर हजारभर माणूस असेल. मुखडा बरा गेला. अंतऱ्याला वर चढला आणि आवाज चिरला, फाटलेल्या कापडासारखा, खालीच आला एकदम, मग घोगरा, मग परत वर. पोरं हसली, ती हसणारच, लहान होती. पण पुढच्या खुर्चीतला एक मोठा माणूस जोरात ओरडला, "काय रे, आवाज खंय गेलो तुझो?" आणि सगळा मांडव हसला. मी पेटीवर होतो, पट्टी खाली घ्यावी एवढंही मला सुचलं नाही. त्याने गाणं पुरं केलं. मग खाली उतरला आणि साउंडवाल्याच्या टेम्पोत खोक्यांच्या मधे जाऊन बसला, कार्यक्रम संपून सामान भरायला आले तोवर तिथेच. घरी येईपर्यंत एक शब्द नाही. दोन दिवसांनी आईला एवढंच विचारलं, "आये, माझो आवाज परत येतलो काय गो?"

ह्याचं उत्तर मला तेव्हा माहीत असायला हवं होतं, इतकी वर्षं पेटी वाजवणाऱ्या माणसाला. नव्हतं. आम्ही जेष्ठमध दिलं, खडीसाखर, मध-आलं, कोणी सांगितलं म्हणून दृष्ट काढली. आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे पुढच्या तीन कार्यक्रमांचे ॲडव्हान्स घेतलेले होते म्हणून त्या तीनही ठिकाणी त्याला नेला आणि त्याच काळी चारला गायला लावला. तिसऱ्या कार्यक्रमानंतर त्याला बोलायलाही त्रास व्हायला लागला. मग कोल्हापूरला कानाघशाच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी नळी घालून बघितलं आणि मला बाहेर बोलावून जे सांगितलं ते मी आज प्रत्येक गाणाऱ्या मुलाच्या बापाला सांगतो.

मुलाच्या गळ्यात साधारण बाराव्या ते पंधराव्या वर्षी स्वरयंत्र मोठं होतं, कंठमणी पुढे येतो, आवाजाचे पडदे लांब आणि जाड होतात. पेटीवाल्यांना समजेल असं सांगायचं तर वाद्यच बदलतं. बोलण्याचा आवाज साधारण एक सप्तक खाली येतो. मुलींचाही बदलतो, पण त्यांचा दोनतीन स्वरांनीच उतरतो म्हणून लोकांच्या लक्षात येत नाही. मुलाला नवीन पडदे सांभाळायला शिकावं लागतं, सहा महिने कोणाला पुरतात, कोणाला दोन वर्षं लागतात, आणि त्या काळात जुन्या पट्टीत जोर लावून गायला लावलं तर पडद्यांना सूज येते, गाठी येऊ शकतात. गाणं पूर्ण बंद करायचीही गरज नसते, खालच्या पट्टीत, हलकं, जेवढं सहज येईल तेवढं गावं. आमच्या मुलाला सूज होती, गाठ नव्हती. डॉक्टर म्हणाले थोडा काळ मौन, नंतर वर्षभर स्टेज नाही. मी ॲडव्हान्सचे पैसे परत केले, एका मंडळाने चारचौघांत बरंच सुनावलं, पण केले परत.

मग दोन वर्षं घरात गाणंच नाही. तो क्रिकेट खेळायला लागला, दाढी फुटली, उंच झाला. लोक मात्र सोडत नव्हते. एसटीत, दुकानात, लग्नात, "तू तोच ना रे? म्हण बघू ता गाणा." आणि तो म्हणायचा नाही म्हटल्यावर, "गर्व इलो वाटता." पंधरा वर्षांच्या मुलाला त्याच्याच गावात तोंड लपवून फिरावं लागलं, कारण सगळ्यांना त्याच्यात नऊ वर्षांचा पोरगा पाहिजे होता आणि तो पोरगा आता कोणाकडेच नव्हता.

तो परत गाण्याकडे आला तो मला न सांगता. अकरावीला कणकवलीत असताना मित्राची गिटार, मग मोबाईलवर रेकॉर्डिंग, मग एक जुना लॅपटॉप. एकदा रात्री मी पाणी प्यायला उठलो तर आंब्याच्या पेट्या ठेवायच्या खोलीतून आवाज येत होता. जाड, खालचा, जरा खरखरीत, मला वाटलं रेडिओ. दार उघडलं तर हा पेंढ्याच्या भाऱ्यांमधे बसून गात होता, पेंढ्याने आवाज घुमत नाही म्हणून ती खोली त्याने निवडलेली. गाणं त्याचं स्वतःचं होतं, पावसात एकटी राहणाऱ्या आजीबद्दल, मालवणीत, चाल एकदम आजची, मागे ड्रम मशीन. मी बाहेर उभा राहून मनात पट्टी लावली. काळी एक. चारवरून खाली एकवर आला होता पोरगा आणि त्या काळी एकला तो जसा बसला होता तसा काळी चारला कधीच बसला नव्हता, तेव्हा तो फक्त पोचायचा. जून ते सप्टेंबर त्या खोलीत रेकॉर्डिंग होत नाही, पत्र्यावर पाऊस वाजतो, म्हणून पावसाळ्यात तो लिहायचा आणि दिवाळीनंतर गायचा.

आता इथे मला गावातल्या आणि भजनातल्या माझ्याच माणसांशी बोलायचंय. तुम्ही म्हणता पोरगा चांगला अभंग-गवळण म्हणायचा, आता पॉप म्हणतो, वाया गेला. मी स्वतः आयुष्य भजनात घालवलं, डबलबारीला, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याला, रात्र रात्र बसलो, तरी मला हे पटत नाही. लहानपणी तो जे गायचा ते सगळं दुसऱ्याचं होतं, शब्द दुसऱ्याचे, चाल दुसऱ्याची, हरकतसुद्धा रेकॉर्डमधून जशीच्या तशी उचललेली, विरहाची गवळण म्हणायचा आणि विरह म्हणजे काय ते त्याला माहीतच नव्हतं, नऊ वर्षांच्या मुलाला कसं असेल. लहान मुलाचं कौतुक आपण करतो ते नकलेचं असतं, आणि ती नक्कल गोड असते ह्यात वाद नाही. पण मोठा गायक व्हायचं तर स्वतःचं काहीतरी सांगायला लागतं. पॉप गाण्यात तर सगळं त्यावरच चालतं, राग-ताल भक्कम असून भागत नाही, तुझा आवाज दहा जणांत ओळखू आला पाहिजे आणि तू काय म्हणतोयस ते तुझं वाटलं पाहिजे. त्याला मायक्रोफोनजवळ हळू गाणं शिकायला वर्ष लागलं. जत्रेत ओरडून गायची सवय मोडणं सोपं नाही.

हे फक्त आमच्याच पोराच्या नशिबी आलं असंही नाही, मी नंतर बरंच वाचलं, काही त्याने वाचून दाखवलं. कुमार गंधर्व लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी हुबेहूब म्हणायचे आणि लोक थक्क व्हायचे, पण अकरा-बारा वर्षांचे असताना मुंबईला प्रोफेसर देवधरांकडे आले आणि तिथे पुढची कितीतरी वर्षं शिकत राहिले. त्या वयात आधीच नाव झालेलं असूनही शिकायला बसले, म्हणून पुढचे कुमारजी झाले असं मला वाटतं. लतादीदींचे वडील १९४२ ला गेले तेव्हा त्या १२ वर्षांच्या होत्या, घरासाठी सिनेमात लहान कामं करायला लागल्या, आवाज बारीक आहे म्हणून नकारही मिळाला, आणि देशभर नाव झालं ते १९४९ ला. मधली सात वर्षं आज कोणी मोजत नाही. आज एखादी बारा वर्षांची मुलगी दोन वर्षं टीव्हीवर दिसली नाही की आपण विचारतो, काय झालं तिचं.

बाहेरच्या देशातली पॉपची गोष्ट मला मुलाने सांगितली. स्टीव्ही वंडर म्हणून अमेरिकेतला अंध गायक, १९६३ ला १३ व्या वर्षी त्याचं गाणं तिथे एक नंबरला गेलं, तेव्हा नावाच्या आधी लिटल लावायचे. मग आवाज फुटला आणि त्याच्या रेकॉर्ड कंपनीतल्या लोकांना वाटलं आता ह्याचं काय करायचं. त्याने लिटल काढून टाकलं, नव्या आवाजात गायला लागला, स्वतः गाणी लिहायला लागला, आणि १९७१ ला २१ वर्षांचा झाल्यावर जुना करार संपला तेव्हा आपल्या गाण्यावर आपला ताबा राहील असा नवा करार करून घेतला. त्याची सगळ्यात मोठी गाणी त्यानंतरची आहेत. आमच्या मुलाने ही गोष्ट सांगताना लिटल काढून टाकलं हे वाक्य दोनदा म्हटलं. मी तेव्हा फ्लेक्सवरचं 'चिमुकला' आठवत होतो.

जस्टिन बीबरचं तर आपल्या पोरांनाही माहिती आहे. २०१० ला ते बेबी गाणं जगभर वाजत होतं आणि त्याच वर्षी त्याचा आवाज फुटत होता, तो सोळा वर्षांचा, रेकॉर्डमधले वरचे स्वर आता लागत नाहीत हे त्याने उघड सांगितलं आणि स्टेजवर गाण्याची पट्टी खाली घेतली. बस एवढंच करायचं होतं. पट्टी खाली घ्यायची. आमच्या जत्रेत त्या रात्री मी पेटीवर होतो, चार चाव्या डावीकडे बोटं न्यायची होती मला.

आणि वाईट गोष्टीही आहेत. मायकल जॅक्सन पाच-सहा वर्षांचा असल्यापासून भावांबरोबर गायचा, जगातला सगळ्यात मोठा पॉप गायक झाला, पण तालमीत बाप मारायचा आणि बालपण मिळालं नाही हे त्याने स्वतः मुलाखतीत सांगितलंय. अमेरिकेतली पॉप गायिका ब्रिटनी स्पिअर्स ११-१२ वर्षांची असताना मुलांच्या टीव्ही शोमधे होती, पुढे एवढी मोठी झाली, आणि २००८ पासून १३ वर्षं तिच्या पैशावर आणि आयुष्यावर कोर्टाने नेमलेल्या माणसांचा ताबा होता, त्यात तिचा बाप मुख्य, नोव्हेंबर २०२१ ला कोर्टाने ते संपवलं. बाप म्हणून हे वाचताना मला बरं वाटलं नाही. आपण काय फार वेगळे असतो असं मला म्हणता येत नाही, रक्कम वेगळी असते.

पैशाचं बोलतो, कारण ह्यावर आपल्याकडे कोणी बोलत नाही. मुलाच्या चार वर्षांच्या मानधनातून आमच्या घराचं छप्पर झालं, मोठ्या मुलीच्या लग्नाला हातभार लागला. त्याच्या नावावर त्यातला एक रुपया मी ठेवला नाही. वाईट हेतू नव्हता, घर एकच, पैसा एकच, असंच आपल्याकडे असतं. पण तो मोठा झाल्यावर त्याला चांगला माइक घ्यायचा होता तेव्हा मित्रांकडून उसने घेतले, आणि मला तेव्हा कळलं की पोराने कमावलेलं पोराला मिळालं नाही. अमेरिकेत ह्याच गोष्टीवरून कायदा झालाय. जॅकी कूगन नावाचा सिनेमातला बालकलाकार, लहानपणी लाखो कमावले आणि मोठा झाल्यावर बघतो तर आई आणि सावत्र बापाने जवळजवळ सगळे संपवलेले, तो कोर्टात गेला आणि १९३९ ला कॅलिफोर्नियात मुलाच्या कमाईतला हिस्सा त्याच्यासाठी बाजूला ठेवायचा कायदा आला.

आपल्याकडेही नियम आहे, लोकांना माहीत नाही. २०१६ ला बालकामगार कायद्यात बदल झाला आणि २०१७ ला त्याचे नियम आले, म्हणजे आमच्या वेळी नव्हतेच. त्यात असं आहे की टीव्ही-सिनेमासारख्या ठिकाणी मुलाकडून दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, शाळा बुडू द्यायची नाही, मुलाच्या मनाविरुद्ध काही करायचं नाही, आणि त्याच्या कमाईतले किमान २० टक्के थेट राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे फिक्स डिपॉझिटमधे टाकायचे, ते त्याला १८ पूर्ण झाल्यावर मिळतात. आता मला सांगा, आपल्या जिल्ह्यातल्या किती आईबापांना हे माहिती आहे. आणि गावच्या मांडवात रात्री बाराला गाणाऱ्या मुलाचे तास कोण मोजतो, तिथे कोणी साहेब येत नाही, ते आपणच मोजायला लागतात.

करारावर सही करतानाही असंच. १८ वर्षांखालच्या मुलाने केलेला करार आपल्या १८७२ च्या कायद्याने करारच धरत नाहीत, म्हणून सही बापाची घेतात. मी पण केली, आठ पानं इंग्रजी, मुंबईच्या एका ऑफिसात, पाच मिनिटांत. त्यात काय होतं ते मला आजही नीट माहीत नाही. ज्यांच्या मुलांचं पुढे व्हायचं आहे त्यांनी ती पानं घरी आणावीत, तालुक्याच्या एखाद्या वकिलाकडून वाचून घ्यावीत, एक दिवस थांबल्याने कोणाचं नाव कापलं जात नाही, आणि कापलं तर तिथे जायलाच नको होतं असं समजावं.

चांगलंही बघितलं पाहिजे. त्या २००९ च्या पाच मुलांचं बघा, ती पाचही आज गाण्यातच आहेत आणि प्रत्येकाची वाट वेगळी. प्रथमेश आणि मुग्धाचं डिसेंबर २०२३ ला लग्न झालं, दोघं नाट्यसंगीत, अभंग गातात. आर्या आंबेकर गाते आणि २०१७ ला सिनेमात नायिकाही झाली. रोहित राऊत आजच्या ढंगाची गाणी गातो, इंडियन आयडॉलच्या ११ व्या पर्वात दुसरा आला. आणि २०२१ ला हीच पाच जणं त्याच कार्यक्रमात लहान मुलांसमोर परीक्षक म्हणून बसली. ते पर्व मी आणि माझा मुलगा एकत्र बघत होतो, लॉकडाऊनमुळे तो घरी होता. एका मुलाचा आवाज जरा घोगरा लागला तर मी काही बोलायच्या आधी तोच म्हणाला, "बाबा, ह्या पोराक आता कोणी तरी थांबवूक होया." मी टीव्हीचा आवाज कमी केला. त्या जत्रेबद्दल आम्ही दोघं पहिल्यांदा तेव्हा बोललो, सहा वर्षांनी. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, तुमका म्हायत नव्हता. पण मला माहीत असायला हवं होतं हे मी वर लिहिलंय आणि परत लिहितो.

तर संपादक साहेब, तुमच्याकडे एक मागणं आहे. मुलांच्या कौतुकाच्या बातम्या छापा, जरूर छापा, आमच्या मुलाची पहिली बातमी तुम्हीच छापली होती आणि ते कात्रण अजून फ्रेममधे आहे. पण तेराव्या-चौदाव्या वर्षी ते मूल दिसेनासं झालं की दोनतीन वर्षं त्याला शोधू नका. हरवला, संपला, मागे पडला हे शब्द वीस-बावीस वर्षांच्या माणसासाठी वापरू नका, त्याची सुरुवात असते ती. आणि मोठा होऊन तो स्वतःचं गाणं घेऊन आला तर त्याची बातमी नव्या गायकाची म्हणून द्या, बालगायकाचं पुढे काय झालं म्हणून देऊ नका. अडीच ओळी लिहिण्याआधी एक फोन केला असतात तर मी त्याचं नवीन गाणं तुम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवलं असतं.

मंडळांनाही सांगणं आहे. लहान मुलाचा नंबर आठच्या आत लावा, त्याला घरी जाऊन झोपू दे. आवाज बदलायला लागलेला मुलगा असेल तर त्याला गायचा आग्रह नको, पखवाज द्या, झांज द्या, पेटीवर बसवा, मी शिकवायला तयार आहे, फुकट. भजनात राहील तो, आणि गळ्यालाही आराम. आमच्या मंडळात सध्या अशी दोन मुलं आहेत, एक चौदाचा आणि एक तेराचा, दोघं माझ्या बाजूला बसतात, कोरसला हळू म्हणतात, कोणी त्यांना गा म्हणत नाही. त्यातला चौदाचा आहे तो गेल्या महिन्यापासून काळी दोनला बरा लागायला लागलाय.

येत्या चतुर्थीला मुलगा घरी येतोय. पाचव्या दिवशी मंडळाचा कार्यक्रम आहे, त्यात भजन झाल्यावर तो त्याची तीन गाणी म्हणणार आहे, गिटार आणि लॅपटॉप घेऊन, आणि एक जुनी गवळणही म्हणतो म्हणालाय, काळी एकला. मंडळाने फ्लेक्सचं डिझाइन परवा ग्रुपवर टाकलं, त्यावर परत तोच फेट्याचा फोटो आहे. सेक्रेटरींना मी रात्री फोन केला, त्यांनी ऐकून घेतलं, म्हणाले दुसरा फोटो नाही आमच्याकडे. मी आज सकाळी पाठवलाय, दाढीवाला, गिटार घेतलेला, पेंढ्याच्या खोलीतला. तुम्हालाही ह्या पत्रासोबत पाठवतोय, पुढच्या वेळी हाच वापरा.

आपला,
एक पेटीवाला बाप
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग